मोबाइल काढून घेतील या भीतीनं मुलं गप्प राहतात. शाळेत नेमकं काय शिकवायला हवं?

"सर, पोरगं दिवसभर मोबाइलमध्येच असतंय, तुम्हीच काहीतरी सांगा." बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या पालकसभेत हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. शाळांचं उत्तरही ठरलेलं असतं. वर्गात मोबाइल बंदी आणि वर्षातून एखादं सायबर जागृतीचं व्याख्यान.

दोन्ही गोष्टी चांगल्याच. पण मुलाच्या हातात मोबाइल येतो तो शाळा सुटल्यावर. तिथं काही विपरीत घडलं तर सगळ्यात आधी कोणाला सांगायचं, हे मात्र शिकवायचं राहून जातं. "सांगितलं तर मोबाइल जाईल, वर मार बसेल" या भीतीनं मूल गप्प बसतं. फसवणाऱ्याचं सगळं गणित याच गप्प बसण्यावर चालतं.

घरात एकच मोबाइल, त्यावरच बँक

अनेक घरांत मुलांच्या हातात येणारा मोबाइल आई-वडिलांचाच असतो. त्याच मोबाइलवर गृहपाठाचा व्हॉट्सॲप ग्रुप, गेम, बँकेचे ओटीपी आणि यूपीआय. गेममध्ये फुकट डायमंड मिळतील म्हणून आलेली लिंक मुलानं दाबली, ओटीपी सांगितला, की पैसे वडिलांच्या खात्यातून जातात.

दुसरा प्रकार कोडचा. "चुकून तुझ्या नंबरवर सहा आकडी कोड आलाय, जरा पाठव ना," असा मेसेज ओळखीच्याच नंबरावरून येतो. कोड दिला की व्हॉट्सॲप खातं दुसऱ्याच्या ताब्यात. मग त्याच नावानं वर्गाच्या ग्रुपवर उसने पैसे मागायला सुरुवात होते. व्हॉट्सॲपमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करून ठेवलं तर हा धोका बराच कमी होतो. त्याला दोन मिनिटंही लागत नाहीत.

पाचवी-सहावीच्या मुलांना यातले दोनच नियम पक्के करून द्यावेत. आलेला कोड कोणालाच सांगायचा नाही, मग मागणारा मित्र असो वा मामा. आणि पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. जो पिन टाकायला सांगतो, तो पैसे काढतोय.

तरीही चूक झालीच, तर १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात झपाट्यानं फिरवले जातात. ते पुढं निघून जाण्याआधी तक्रार पोहोचली तर बँकांना रक्कम रोखून धरता येते. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकानं स्वतः ओटीपी दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून १९३० बरोबर बँकेलाही त्याच वेळी कळवावं. मुलानं संध्याकाळी केलेली चूक भीतीपोटी दुसऱ्या दिवशी सांगितली, तर मधली सगळी रात्र चोराची.

फोटोचा धाक

याहून गंभीर प्रकार ओळख वाढवण्याचा. गेममध्ये किंवा इन्स्टाग्रामवर 'समवयस्क' मुलगा-मुलगी भेटते, गप्पा होतात, मग फोटो मागितला जातो. तो हाती लागला की धमकी येते, "पैसे दे, नाहीतर तुझ्या सगळ्या ग्रुपवर टाकतो." आता तर असा फोटो द्यावाही लागत नाही. गॅदरिंगच्या साध्या फोटोतला चेहरा उचलून एआयच्या मदतीनं खोटं चित्र तयार करता येतं.

मुलांना सांगायचं ते असं: पैसे द्यायचे नाहीत, कारण एकदा दिले की मागणी वाढतेच. चॅट डिलीट करायचं नाही, तोच पुरावा. उत्तर देत बसायचं नाही. आणि विश्वासाच्या मोठ्या माणसाला त्याच दिवशी सांगायचं. दोष धमकी देणाऱ्याचा आहे, मुलाचा नाही, हे वर्गात उघडपणे बोललं गेलं पाहिजे.

शिक्षकांनी काय करू नये, हेही तितकंच महत्त्वाचं. 'पुरावा' म्हणून असा फोटो शिक्षकांच्या ग्रुपवर फिरवणं हाही गुन्हा ठरू शकतो. मुलांचं लैंगिक चित्रण पसरवणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब नुसार पहिल्या गुन्ह्यासाठीच पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. शिवाय पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुलावरील लैंगिक गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 'शाळेचं नाव नको' म्हणून प्रकरण आपसात मिटवता येत नाही.

फोटो पसरण्याची भीती असेल तर 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा आहे. अमेरिकेतली एक संस्था ती चालवते. मूळ फोटो कुठंही पाठवावा लागत नाही. मोबाइलवरच त्याचा एक सांकेतिक ठसा तयार होतो आणि त्यावरून इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅटसारखे सहभागी मंच तो फोटो शोधून काढू शकतात.

चूक आपल्याच मुलाची असेल तर

सुरक्षितता ही अर्धी बाजू झाली. दुसरी बाजू जबाबदारीची. वर्गमित्राच्या नावानं खोटं खातं काढणं, बाईंचा फोटो बिघडवून स्टिकर करणं, एखाद्या मुलीबद्दल ग्रुपवर घाण लिहिणं, हे मुलांना 'गंमत' वाटतं. दुसऱ्याची ओळख वापरून फसवणं हा कलम ६६ड खाली गुन्हा आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांचं प्रकरण बाल न्याय कायद्यानुसार चालतं, पण चालतं. मुलांना कलमं पाठ करायला लावण्यापेक्षा एकच प्रश्न विचारावा: हेच तू फळ्यावर, स्वतःचं नाव खाली लिहून, सगळ्या वर्गासमोर लिहिशील का?

हद्द कोणाची?

सीमाभागात आणखी एक अडचण येते. मूल चंदगडचं, कॉलेज बेळगावात, सिम महाराष्ट्राचं, खातं कर्नाटकातल्या बँकेत आणि फसवणारा तिसऱ्याच राज्यात. "हे आमच्या हद्दीत येत नाही," हे उत्तर ऐकून पालक परत फिरतात. फिरू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठंही घडला असला तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. इंदूर, वडोदरा, हैदराबाद, गोव्यातल्या मराठी कुटुंबांनाही हाच नियम लागू आहे. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या राष्ट्रीय पोर्टलवर महिला व मुलांविषयीच्या गुन्ह्यांची तक्रार नाव न देताही करता येते. मूल संकटात असेल तर १०९८ ही चाइल्डलाइन आहेच.

शाळेनं सुरुवात कुठून करावी?

– प्रत्येक शाळेत एक शिक्षिका आणि एक शिक्षक 'सांगायची माणसं' म्हणून ठरवावीत. त्यांची नावं मुलांना माहीत असावीत.
– १९३०, १०९८ आणि ११२ हे क्रमांक फळ्याशेजारी कायमचे लिहावेत.
– स्क्रीनशॉट, खात्याची लिंक, वेळ आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक कसा जपायचा, याचा एक तास प्रत्यक्ष सराव घ्यावा. अश्लील फोटो मात्र कॉपी न करता मोबाइल तसाच पोलिसांकडे द्यावा.
– मुलांचे फोटो, पूर्ण नाव आणि इयत्ता शाळेच्या फेसबुक पेजवर टाकण्याआधी पालकांना विचारावं. सावधगिरी आधी शाळेनं पाळावी.
– पुढच्या पालकसभेत पालकांकडून एक शब्द घ्यावा: मुलानं स्वतःहून चूक सांगितली तर त्या दिवशी ओरडायचं नाही, मोबाइलही काढून घ्यायचा नाही.

यातला शेवटचा मुद्दा बिनखर्चाचा आणि सगळ्यात अवघड. पण तो शब्द पाळला गेला, तरच बाकीचे चार उपयोगी पडतील.