पंचवीस मिलिमीटरांचा हिशेब

रक्तद्रवाचा एकूण परासरण दाब सुमारे ५,५०० मिलिमीटर पारा. त्यात प्रथिनांचा वाटा जेमतेम २५. तरीही रक्तातले पाणी रक्तातच टिकते, ते या पंचविसांमुळे. मीठ केशवाहिनीच्या भिंतीतून सहज ये-जा करते; दोन्ही बाजूंना ते जवळपास सारखेच, म्हणून त्याचा ओढा उरत नाही. प्रथिनांचे मोठे रेणू मात्र बहुतांशी आतच राहतात आणि पाणी धरून ठेवतात. अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १८९६ मध्ये हे मांडले.

हा आकडा मी कागदावर काढून पाहिला. व्हान्ट हॉफच्या नियमात वजनाला नव्हे, रेणूंच्या संख्येला महत्त्व. त्यानुसार १०० मिलिलिटर रक्तद्रवातल्या दर ग्रॅम प्रथिनामागे साधारण २.१ मिलिमीटर दाब. प्रथिने ७ ग्रॅम, म्हणून उत्तर १४.७. मग उरलेले दहा-अकरा कुठून येतात?

प्रथिनांवर ऋण विद्युतभार असतो. तो तोलायला सोडियमचे जादा आयन आत थांबतात. शिवाय हे अवाढव्य रेणू जागा अडवतात, त्यामुळे गर्दी वाढली की दाब प्रमाणाबाहेर चढतो. म्हणून लँडिस आणि पॅपेनहायमर यांच्या १९६३ च्या सूत्रात आणखी दोन पदे आहेत: प्रथिनांच्या आकड्याचा वर्ग गुणिले ०.१६ आणि घन गुणिले ०.००९. आता बेरीज पाहा: १४.७ + ७.८ + ३.१ = २५.६.

सातऐवजी ४ घातले, तर उत्तर ११.५. प्रथिने ४३ टक्के घटली, दाब ५५ टक्के. मूत्रपिंडाच्या काही विकारांत लघवीवाटे प्रथिने वाहून जातात आणि पाय सुजतात, तेव्हा हा फरक ध्यानात ठेवावा. तपासणीच्या कागदावर दिसते त्याहून नुकसान मोठे असते; इथे साधे त्रैराशिक चालत नाही.