हातून निसटलेलें पिस्तूल

भरलेलें पिस्तूल हातून निसटून फरशीवर पडलें, तर त्यांतून आपोआप गोळी सुटेल काय? पुष्कळांस ही कादंबरीकारांची कल्पना वाटते. वस्तुतः उत्तर त्या पिस्तुलाच्या रचनेवर अवलंबून आहे.

काडतुसाच्या बुडाशीं एक लहानशी टोपी असते. तिच्यावर पोलादी पिनेचा पुरेसा आघात झाला, कीं दारू पेटते. तो आघात चाप ओढल्यामुळें झाला कीं पडल्यामुळें, हें टोपीला कळत नाहीं.

सव्वा मीटर उंचीवरून पडणाऱ्या वस्तूचा वेग जमिनीशीं सेकंदास सुमारें ५ मीटर होतो. फरशीनें ती एका मिलिमीटरांत थांबविली, तर तिचा प्रत्येक भाग थांबविण्यास त्याच्या वजनाच्या हजारपटीहून अधिक जोर लागतो. नाजूक स्प्रिंगला तो पेलत नाहीं. मग गाडी एकाएकीं थांबली असतां उतारू पुढें झुकतात, तसे आंतील सुटे भाग पुढें धांवतात.

ह्यांतून तीन धोके संभवतात. १८७३ सालच्या कोल्ट रिव्हॉल्व्हरमध्यें उतरविलेल्या घोड्याचें टोंक थेट टोपीवर टेकत असे; घोड्यावर ठोका बसला कीं बार उडे. म्हणून सहांपैकीं एक घर रिकामें ठेवून घोडा त्यावर टेकविण्याचा प्रघात पडला. जानेवारी १८७६ मध्यें अमेरिकेंतील विचिटा येथें वायट अर्प ह्या पोलीस अंमलदाराचें रिव्हॉल्व्हर कमरेवरून घसरलें, घोडा खुर्चीवर आपटला आणि गोळी त्याचा कोट भेदून गेली.

दुसरा धोका, नळी खालीं करून पिस्तूल पडल्यास पिन स्वतःच टोपीकडे धांवण्याचा. पिन जितकी हलकी, तितका आघात सौम्य. चाप ओढल्याखेरीज पिनेची वाट मोकळी न करणारा अडसर कोल्ट कंपनीनें आपल्या १९११ जातीच्या पिस्तुलांत १९८३ साली बसविला.

तिसरा धोका, पाठीवर पडल्यास चापच मागें सरकण्याचा. २०१७ साली सिग सावर कंपनीच्या पी-३२० पिस्तुलांत विशिष्ट कोनांत पडतांच गोळी सुटते, असें आढळलें. कंपनीनें मग चाप हलका केला. कारण वस्तुमान घटलें कीं जडत्वहि घटतें.

तात्पर्य, अडसर असलेलें, सुस्थितींतील पिस्तूल पडल्यानें सहसा उडत नाहीं. परंतु जुन्या वा झिजलेल्या शस्त्राची हमी कोणी देऊं नये. आणि पडतें पिस्तूल झेलावयास मात्र कधींहि जाऊं नये. घाईंत बोट चापावर पडलें, तर अडसर आपणच दूर करतों. तें खुशाल पडूं द्यावें.