नऊपट की तीनपट?

मी मराठीचा प्राध्यापक. शिकार माझ्या बापजन्मी ठाऊक नाही. आपल्याकडे तर १९७२ च्या कायद्याने ती जवळजवळ बंदच झाली. पण गेल्या वर्षी पेन्सिल्व्हेनियात बहिणीकडे गेलो असता शेजारच्या म्हातारबुवांनी हरणाच्या शिकारीची रायफल दाखवली. तिच्यावर दुर्बीण होती. तीनपासून नऊपट मोठे दाखवणारी, पुढचे भिंग ४० मिलिमीटरचे.

"चोवीसपट का नाही घेतलीत?" मी विचारले.

बुवा हसले. "झाडीत हरीण पन्नास पावलांवर उठतं. चोवीसपटीत नुसते केस दिसतील!"

हिशेब सोपा आहे. शंभर यार्डांवर तीनपटीला सुमारे तेहेतीस फुटांचा पट्टा दिसतो. नऊपटीला त्याच्या निम्माही नाही. शिवाय भिंगाच्या व्यासाला पटीने भागले, की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. ४० भागिले ९ म्हणजे साडेचार मिलिमीटरही नाही. चोवीसपटीला तर दोनही भरत नाहीत. तिन्हीसांजेला चित्र काळवंडणारच. हाताचा कंपही तितक्याच पटीने मोठा दिसतो.

म्हणून बुवा तीनपटीवर ठेवून चालतात. हरीण दूर, उघड्यावर आणि स्थिर असेल तरच पट वाढवतात.

"तरुणपणी एकदा नऊवर राहिली होती," ते हळूच म्हणाले. "तपकिरी अंग दिसलं. चाप ओढणार, तोच ते वळलं. नारिंगी जाकीट काढून बसलेला माझा सख्खा भाऊ होता."

हल्ली वर्गात एखाद्या ओळीचा कीस काढू लागलो, की मी थांबतो आणि आधी सबंध कविता वाचून दाखवतो.