घरांत नवें पिलूं आलें म्हणजे

लातूर जिल्ह्यांतील शिरूर अनंतपाळ व त्याच्या शेजारचा चाकूर तालुका ह्या टापूंत जातिवंत कुत्रें म्हटलें कीं डोळ्यांसमोर प्रथम उभें राहतें तें कारवानी. लांबट अरुंद तोंड, खोल छाती, पाठीला लागलेलें पोट आणि उंच सडपातळ पाय अशी ह्या शिकारी जातीची ठेवण आहे. कान, शेपूट व पाय ह्यांवर लांब मऊ केस असणारा जो प्रकार, त्यास पश्मी म्हणतात. पश्म म्हणजे लोंकर; हा फारशी शब्द मराठवाड्यांतल्या खेड्यांत कुत्र्याच्या पाठीवर बसून अद्याप टिकून राहिला आहे. चाकूर तालुक्यांतील जानवळ हें गांव ह्या कुत्र्यांच्या पैदाशीकरितां प्रसिद्ध आहे, आणि नांदेड जिल्ह्यांत माळेगांवच्या खंडोबाच्या यात्रेंत घोड्यांबरोबर कुत्र्यांचेंही प्रदर्शन भरतें. मुधोळच्या नांवानें जें कुत्रें ओळखलें जातें तें ह्याच कुळांतलें. २००५ सालीं भारतीय टपालखात्यानें त्याचें चित्र तिकिटावर छापलें.

ही कुत्रीं आतां शेतावरच राहतात असें नाहीं. ओंजळींत मावेल एवढें पिलूं करंडींत घालून लातूरला, पुण्याला, तिसऱ्या मजल्यावरच्या घरांतही नेलें जातें. पहिले आठ दिवस घरांत जणूं सण असतो. मुलें त्याला खालीं टेकूं देत नाहींत. मग सतरंजी भिजते, चप्पल फाटते, पाहुण्याचें धोतर ओढलें जातें. चवथ्या महिन्यांत पिलूं जिन्याच्या कठड्याला साखळीनें बांधलेलें दिसतें, आणि वर्ष भरायच्या आंत “कोणाच्या शेतावर हवें आहे का?” अशी विचारणा सुरू होते. ह्यांत पिलाचा अपराध शोधूं गेल्यास सांपडत नाहीं. त्या वर्षांत तें पुष्कळ शिकलें. मात्र आपण त्याला काय शिकवीत आहों, इकडे घरांतल्या कोणाचेंच लक्ष नव्हतें.

कुत्र्याचें शिक्षण सहा महिन्यांनंतर सुरू करावें असा एक समज आहे. तो फार नुकसानकारक आहे. अमेरिकेंत बार हार्बर येथील प्रयोगशाळेंत स्कॉट आणि फुलर ह्या शास्त्रज्ञांनीं अनेक वर्षें पिलांचें निरीक्षण करून १९६५ सालीं आपले निष्कर्ष ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले. त्याच ठिकाणच्या, १९६१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत कांहीं पिलें उंच कुंपणाच्या आवारांत माणसांपासून दूर वाढविलीं होतीं. ज्यांना पांचव्या ते नवव्या आठवड्याच्या सुमारास माणसाचा सहवास लाभला, तीं लवकर माणसाळलीं. ज्यांना चौदा आठवडे माणूस भेटलाच नाहीं, तीं रानटी जनावरांप्रमाणें दूर पळत राहिलीं. तिसऱ्या आठवड्यापासून तिसऱ्या महिन्याच्या अखेरीपर्यंत पिलाच्या मनाचें दार उघडें असतें. ह्या काळांत जें जें निर्भयपणें पाहिलें, ऐकलें, हुंगलें, तें तें आयुष्यभर ओळखीचें राहतें.

यावरून पिलूं केव्हां आणावें हेंही ठरतें. महिन्याचें पिलूं आईपासून तोडून विकण्याची रीत कांहीं ठिकाणीं आहे. घेणाऱ्यानें त्या मोहांत पडूं नये. सुमारें आठ आठवडे तें आई व भावंडें ह्यांच्यांतच असावें. भावंडाला जोरानें चावल्यास तें केकाटतें आणि खेळ बंद पडतो, हा धडा तेथें जसा मिळतो तसा माणसाच्या घरीं मिळत नाहीं.

पहिल्या रात्रीं पिलूं रडतें. कालपर्यंत भावंडांच्या उबेंत निजलेल्या जीवाला परक्या घरांतला काळोख सोसत नाहीं. त्याला परसांतल्या खोलींत कोंडून “रडून रडून गप्प बसेल” असें म्हणणें निर्दयपणाचें तर आहेच, पण अडाणीपणाचेंही आहे; कारण एकटें राहणें म्हणजे संकट, हीच गोष्ट तें त्या रात्रीं शिकतें. जुन्या लुगड्याची घडी घातलेली करंडी माणसाच्या अंथरुणाशेजारीं ठेवावी, मधून हात खालीं सोडावा. कांहीं रात्रींनंतर करंडी हळूहळू तिच्या कायमच्या जागेकडे सरकवितां येते. दिवसां घरच्यांनीं दोन मिनिटें, पांच मिनिटें, पुढें पंधरा मिनिटें दृष्टिआड होऊन पुन्हां सहज परत यावें. गेलेलें माणूस परत येतें, हेंही त्याला शिकावें लागतें.

घरोघरीं सर्वांत मोठी कटकट होते ती मलमूत्राची. दोन महिन्यांच्या पिलाला दोन तासांहून फार वेळ लघवी आवरत नाहीं, आणि झोपेंतून उठल्यावर, खाल्ल्यावर व खेळून झाल्यावर तर ती बहुधा होतेच. ह्या तीन वेळा ज्यानें ओळखल्या त्याचें अर्धें काम झालें. अशा वेळीं पिलाला उचलून दर वेळीं त्याच दारानें, त्याच ठिकाणीं न्यावें. तेथें मुकाट्यानें उभें राहावें. आणि विधि उरकतांच तेथल्या तेथें शाबासकी व खाऊचा कण द्यावा. घरांत परत आल्यावर दिलेला खाऊ हा घरांत आल्याबद्दलचा समजला जातो. माडीवर राहणाऱ्यांनीं गॅलरींत मातीचें पसरट घमेलें ठेवून तीच जागा नेमावी. चुकून घरांत झाल्यास नुसतें फडकें फिरवूं नये. त्यानें माणसाच्या नाकाचें समाधान होतें, कुत्र्याच्या नाकाचें होत नाहीं. साबणाच्या पाण्यानें दोनदां तीनदां धुऊन वास पार घालवावा, नाहीं तर तीच जागा पुन्हां निवडली जाते.

येथेंच बहुतेक घरांत ती जुनी शिक्षा होते: पिलाचें नाक घाणींत घांसणें. घाण दहा मिनिटांपूर्वीं झाली, धनी आतां आला. पिलाचें मन मागें जाऊन दुवा जोडीत नाहीं. कृति आणि तिचें फळ लागोपाठ आल्याखेरीज त्यांचा संबंध त्याला कळत नाहीं. त्याला एवढेंच उमगतें कीं हें माणूस जवळ आलें कीं दुखतें. मग तें लघवी करण्याचें सोडीत नाहीं. कपाटामागें, माणसाच्या नजरेआड करूं लागतें, आणि त्याबद्दल तें लबाड ठरतें. “पण त्याला आपली चूक कळते, बघा कसा चेहरा करतें!” असें पुष्कळांचें म्हणणें असतें. अलेक्झांड्रा होरोविट्झ ह्या विदुषीनें २००९ सालीं ह्याचीच परीक्षा पाहिली. कुत्र्यानें मना केलेला खाऊ खाल्ला असो वा नसो, धन्यानें दटावलें कीं कान पडलेला तो अपराधी चेहरा हटकून दिसला. तो चेहरा पश्चात्तापाचा नव्हता. धन्याच्या रागाला दिलेलें तें उत्तर होतें. शाळेंत पुष्कळ मुलांचे चेहरेही ह्याच कारणानें तसे होतात.

चावण्याविषयीं थोडेंच सांगणें पुरे. पिलाला अठ्ठावीस दुधाचे दांत असतात, आणि सुमारें चवथ्या ते सातव्या महिन्यांत ते पडून बेचाळीस पक्के दांत येतात. तेव्हां तोंड शिवशिवतें. हात चावूं लागतांच खेळ थांबवून पाठ फिरवावी व चघळण्यास ओल्या फडक्याची गांठ द्यावी. थोबाडींत मारल्यास पिलूं एक तर घाबरतें, नाहीं तर तोही खेळच समजतें.

आतां शब्दांचें शिक्षण. एका घरांत आजोबा “यू यू” करतात, आई “इकडे ये” म्हणते, मुलें “कम्” म्हणून ओरडतात. पिलाला मराठी येत नाहीं, तसें इंग्रजीही येत नाहीं. एका गोष्टीला एक आवाज असला म्हणजे त्याला पुरतो. तेव्हां घरच्यांनीं बसून चार शब्द ठरवावेत: ये, बस, थांब, सोड. बसावयास शिकवितांना खाऊ मुठींत धरून पिलाच्या नाकावरून मागें नेला कीं मान वर जाते व बूड आपोआप टेकतें. त्याच क्षणीं “बस” म्हणून खाऊ द्यावा. धडा तीन मिनिटांचा असावा, दिवसांतून चारपांच वेळां, पिलूं कंटाळण्यापूर्वीं संपविलेला. “ये” ह्या शब्दाचें पावित्र्य मात्र विशेष जपावें. “ये” म्हणून बोलावून रागें भरणें, न्हाऊं घालणें, कोंडणें हें एकदां दोनदां झालें तर तो शब्द कायमचा बुडाला. अप्रिय काम असल्यास न बोलावतां आपणच उठून जवळ जावें.

कारवानी पिलाच्या बाबतींत ह्या शब्दाला अधिक मोल आहे. हें कुत्रें वासापेक्षां नजरेनें शिकार करणाऱ्यांपैकीं. पळती वस्तु दिसली कीं कान बंद होतात. पूर्वीं ती वस्तु ससा असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें ती शिकार बंद झाली आहे, आणि शहरांत ती वस्तु बहुधा स्कूटर किंवा शेजारचें मांजर असतें. म्हणून उघड्या जागीं वीसपंचवीस फुटांच्या हलक्या दोरीवाचून त्याला सोडूं नये, आणि दोरीवर असतांनाच पुन्हां पुन्हां बोलावून खाऊ देत जावा. ह्या जातीला परक्याचा स्पर्श सहसा रुचत नाहीं, व कठोर वागणूक तर मुळींच मानवत नाहीं. तेव्हां पाहुण्यांनीं आल्याबरोबर डोक्यावरून हात फिरवूं नये. पिलूं आपण होऊन हुंगावयास येईपर्यंत थांबावें.

लसींचा प्रश्न येथें आडवा येतो. पार्व्हो व डिस्टेंपर ह्या घातक रोगांच्या लसी सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून तीनचार आठवड्यांच्या अंतरानें चवथ्या महिन्यापर्यंत चालतात, आणि रस्त्यावर सोडावें तर रोगाची भीति. पण तोंवर कोंडून ठेवावें तर तें उघडें दार बंद होतें. उपाय सोपा आहे: पिलूं कडेवर घेऊन बाजार, एस्.टी.चें स्थानक, हलगीचा आवाज, छत्री घेतलेला, काठी टेकणारा, फेटा बांधलेला माणूस हें सर्व दुरून दाखवावें. खालीं मात्र जेथें परकीं कुत्रीं फिरतात तेथें ठेवूं नये. तीन महिन्यांचें झाल्यावर पिसाळरोगाची लस टोंचावी व पुढें पशुवैद्य सांगतील तशी ती चालू ठेवावी. लस न झालेल्या पिलाचा दांत किंवा नख लागून रक्त आलें, तर “लहान तर आहे” म्हणून सोडून देऊं नये. जखम वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें धुवावी, तीवर चुना, तिखट, हळद कांहीं लावूं नये, आणि त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. हा रोग एकदां लक्षणांसह प्रकट झाला कीं माणूस बहुधा वांचतच नाहीं.

खाण्याचें थोडक्यांत. नुसत्या दूधभाकरीवर वाढतें पिलूं पोसत नाहीं, आणि गाईच्या दुधानें पुष्कळांस हगवण लागते. अंडें, शिजविलेलें मांस व त्यांत कुसकरलेली भाकरी दिवसांतून तीनचार वेळां द्यावी. कांदा, मनुका व चॉकलेट हीं विषासमान समजावीं. शिऱ्यांतल्या मनुकाही वेंचून काढाव्या. आणि ह्या वयांत पिलूं दिवसरात्र मिळून अठरा तासांच्या वर झोपतें. दुपारीं शाळेंतून आलेलीं मुलें प्रथम करंडीकडेच धांवतात. त्यांना तेवढें दारांतच थांबवावें.