बारामती-इंदापूरच्या ऑफिसांतले वाय-फाय: बिघाड शोधण्याची रीत

ऑफिसातले वाय-फाय अधूनमधून तुटू लागले की तक्रार दोनच शब्दांत येते: ‘नेट गेलं’. पण मोबाइल किंवा लॅपटॉपपासून बाहेरच्या फायबरपर्यंत निदान पाच टप्पे असतात. हवेतली लहर, भिंतीवरचा ॲक्सेस पॉइंट (म्हणजेच वाय-फायचा डबा), त्याला वीज आणि डेटा पोहोचवणारी केबल, प्रत्येक उपकरणाला पत्ता देणारा राउटर आणि शेवटी बाहेरची लाइन. यांपैकी कोणत्या टप्प्यात बिघाड आहे हे ठरवायच्या आधीच डबा बंद-चालू केला, तर घटकाभर सगळे सुरळीत दिसते आणि मूळ कारण तसेच राहते. म्हणून हा तपास म्हणजे मुख्यतः एकेक टप्पा बाजूला काढत जाण्याचे काम आहे.

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत हे काम करताना इमारतीकडे आधी पाहावे लागते. एमआयडीसीतले पत्र्याचे शेड, पेठेतल्या जाड भिंतींच्या जुन्या इमारती आणि पुणे-सोलापूर महामार्गालगतची काँक्रीटची दुमजली संकुले, या तिन्ही ठिकाणी लहरींचे वागणे वेगळे. त्यात पतसंस्थेचा काउंटर असो की उसाची नोंद घेणारे गट कार्यालय, नेट थांबले की समोर उभ्या असलेल्या शेतकऱ्याचा दिवस मोडतो. गळीत हंगामात तर हा खोळंबा रांगेतल्या प्रत्येकाला भोवतो.

तपासाची सुरुवात वहीने होते. दोन-तीन दिवस प्रत्येक तक्रारीची वेळ, खुर्चीची जागा आणि उपकरण लिहून ठेवले की तीन प्रश्नांची उत्तरे मिळतात. त्रास एकालाच होतो की सगळ्यांना? एकाच कोपऱ्यात की सगळीकडे? ठरावीक वेळी की केव्हाही? एकाच लॅपटॉपला त्रास असेल तर त्याचे ड्रायव्हर किंवा जुने वायरलेस कार्ड तपासावे. एकाच खोलीत असेल तर रेंज पाहावी. सगळ्यांचे एकाच क्षणी जात असेल तर वीज, केबल किंवा लाइन यांच्याकडे वळावे.

पुढची पायरी आत आणि बाहेर यांची फाळणी. लॅपटॉपवर दोन खिडक्या उघडून एकीत ऑफिसच्या राउटरला सतत पिंग लावायचा (त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असतो) आणि दुसरीत ८.८.८.८ सारख्या बाहेरच्या पत्त्याला. राउटरचे उत्तर काही मिलिसेकंदांत नेमाने येत असेल आणि बाहेरचे गळत असेल, तर दोष लाइनचा. वाय-फायला हात लावायचे कारण नाही. राउटरचेच उत्तर दोन-तीनवरून कित्येकशे मिलिसेकंदांवर उडत असेल, तर दोष आतला. मग तोच लॅपटॉप केबलने स्विचला जोडून पाहायचा. केबलवर पिंग स्थिर राहिला तर संशयित उरतात हवा, ॲक्सेस पॉइंट आणि त्याच्याकडे जाणारी केबल.

यांतही वीज आणि केबल आधी तपासावी, कारण हवेतल्या बिघाडापेक्षा ती पडताळणे सोपे असते. डबा किती वेळ सलग चालू आहे याची नोंद त्याच्या सेटिंगच्या पानावर असते. कोणी हात लावलेला नसताना तिथे चाळीस मिनिटे दिसत असतील, तर डबा आपोआप बंद-चालू होतो आहे. लाइट जाते, संगणक यूपीएसवर टिकतात, पण ॲक्सेस पॉइंटचा अडॅप्टर साध्या सॉकेटात असतो. पुन्हा सुरू व्हायला त्याला दोन-तीन मिनिटे लागतात. म्हणजे दहा सेकंदांची वीज गेली तरी कामाची तीन मिनिटे जातात. स्विच आणि ॲक्सेस पॉइंट दोन्ही यूपीएसवर घेतले की हा प्रश्न तिथेच संपतो.

अनेक डब्यांना वीज नेटवर्कच्या केबलमधूनच मिळते. या पद्धतीच्या पहिल्या मानकात स्विचचे एक पोर्ट जास्तीत जास्त १५.४ वॉट देते, पुढच्या मानकात ३० वॉट. जास्त वॉटचा नवा डबा जुन्या स्विचला लावला तर शांत वेळी तो चालतो आणि गर्दी वाढली की कोसळतो. केबल १०० मीटरपेक्षा लांब नसावी. स्वस्तातल्या केबलमध्ये तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम असते. तिचा रोध जास्त असल्याने लांबवर वीज कमी पोहोचते. स्विचवर एका गिगाबिटऐवजी १०० मेगाबिटची जोडणी दिसली तर जॅकचे क्रिम्पिंग पुन्हा करावे. गिगाबिटला आठही तारा लागतात आणि १०० मेगाबिटला चार पुरतात, त्यामुळे एखादी तार सुटली तरी नेट चालू दिसते. पत्र्याखाली लावलेल्या डब्याबाबत उन्हाळ्याचाही विचार करावा. आत वापरायच्या बहुतेक डब्यांची कमाल मर्यादा ४० ते ५० अंश सेल्सिअस असते, आणि एप्रिल-मेच्या दुपारी तापलेल्या पत्र्यालगत ती सहज ओलांडली जाते.

यानंतर हवा. रेंज मोबाइलच्या दांड्यांवरून न मोजता डीबीएममध्ये मोजावी. त्यासाठी मोफत ॲप मिळतात. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ७५ च्या खाली त्रास सुरू होतो. हे मोजमाप साधे नाही: ३ ने घट झाली की शक्ती निम्मी होते, १० ने झाली की एक दशांश उरते. प्रत्येक टेबलावर आकडा घेऊन तो खोलीच्या नकाशावर लिहिला की अडथळा कुठे आहे ते डोळ्यांना दिसते. लोखंडी कपाटांची रांग, पत्र्याचे पार्टिशन, सळ्यांचा स्लॅब आणि पाण्याची टाकी हे नेहमीचे अडथळे. छताला लावायचा गोल डबा कपाटावर उभा ठेवलेला असेल तर त्याची लहर जिथे माणसे बसत नाहीत तिथे जाते.

रेंज भरपूर असूनही काम अडते तेव्हा गर्दी तपासावी. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १३ चॅनल आहेत, पण ते फक्त ५ मेगाहर्ट्झच्या अंतरावर आहेत आणि एका जोडणीला सुमारे २० मेगाहर्ट्झ लागतात. म्हणून एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. शेजारच्या दुकानांचे राउटर, ब्लूटूथ आणि पँट्रीतला मायक्रोवेव्ह हे सगळे याच पट्ट्यात. रोज जेवणाच्या सुट्टीतच नेट जात असेल तर मायक्रोवेव्ह चालू करून पिंग पाहावा. ५ गिगाहर्ट्झमध्ये जागा खूप आहे. भारतात २०१८ च्या अधिसूचनेने तिथली ६०५ मेगाहर्ट्झ परवान्याविना खुली झाली. शक्य ती उपकरणे तिकडे न्यावीत. मात्र ही लहर भिंत कमी भेदते. शिवाय ५२ ते १४४ हे चॅनल रडारसाठीही वापरले जातात. रडारची चाहूल लागली की डबा तो चॅनल सोडतो. विनाकारण जोडणी तुटल्यासारखी वाटत असेल तर ३६ ते ४८ किंवा १४९ पासूनचे चॅनल लावून पाहावेत.

रेंज वाढवायची म्हणून डब्याची शक्ती कमालीवर नेणे ही नेहमीची चूक. ग्रामपंचायतीच्या भोंग्याचा आवाज शिवारापर्यंत जातो, पण शिवारातून दिलेले उत्तर भोंग्यापर्यंत येत नाही. मोबाइलचेही तसेच होते. त्याला दांड्या पूर्ण दिसतात, पण त्याची क्षीण लहर डब्यापर्यंत पोहोचत नाही. शिवाय दोन डबे असतील तर पहिल्याचा आवाज सगळीकडे येत असल्याने मोबाइल त्यालाच चिकटून राहतो आणि जवळच्या दुसऱ्याकडे जात नाही. शक्ती मध्यम ठेवावी, दोन्ही डब्यांचे नाव व पासवर्ड सारखे आणि चॅनल वेगळे ठेवावेत.

वाय-फाय जोडलेले दिसते, पण ‘इंटरनेट नाही’ असा संदेश येतो, तेव्हा बिघाड बहुधा पत्त्यांच्या वाटपात असतो. विंडोजवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे मोबाइल २४ तासांच्या मुदतीने पत्ते अडवून ठेवतात आणि साठा संपतो. पाहुण्यांसाठी वेगळे नेटवर्क आणि दोन-तीन तासांची मुदत ठेवली की पत्ते मोकळे होतात. कोणी घरचा जुना राउटर आणून स्विचला जोडला असेल तर तोही पत्ते वाटू लागतो. निम्म्या लोकांचे नेट चालते आणि निम्म्यांचे अडते. अडलेल्या लॅपटॉपवर गेटवेचा पत्ता वेगळा दिसला की तो राउटर शोधून काढावा.

या भागात आणखी एक खास प्रकार आढळतो: मुख्य ऑफिस आणि दूरची केबिन यांना मोकळ्या शिवारावरून वायरलेसने जोडणे. तोडणीनंतर बसवलेली ही जोडणी काही महिन्यांनी ढासळू लागते, कारण मध्ये ऊस वाढलेला असतो. ओली पाने लहर शोषतात. नुसते समोरचे टोक दिसून भागत नाही. ५०० मीटरच्या अंतरावर ५.८ गिगाहर्ट्झला मध्यभागी सरळ रेषेच्या खाली निदान दीड मीटर मोकळे लागते. खांबाची उंची पूर्ण वाढलेल्या आडसाली उसाचा हिशेब धरून ठरवावी.

दुरुस्ती करताना एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही. बदलानंतर पहिल्या तक्रारीच्याच खुर्चीवर, त्याच वेळी, तोच पिंग आठवडाभर घ्यावा. शेवटी प्रत्येक डब्याची जागा, चॅनल, शक्ती, केबलचा क्रमांक आणि बदलाची तारीख कागदावर लिहून तो स्विचच्या रॅकच्या दारावर आतून चिकटवावा. पुढच्या तक्रारीला तपास याच कागदापासून सुरू होतो.