गाडी तीच, रंग तोच, मग किमतीत कोटींचा फरक का? उत्तर इंजिनवर ठोकलेल्या नंबरांत आहे

जानेवारी २०१४. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातल्या स्कॉट्सडेल गावात बॅरेट-जॅक्सनचा लिलाव सुरू होता. स्टेजवर एक लाल रंगाची गाडी आली. १९६७ ची शेवरले कॉर्व्हेट. विक्रीचा एकूण आकडा होता ३८ लाख ५० हजार डॉलर्स. तेव्हाच्या दराने साधारण २३-२४ कोटी रुपये.

आता गंमत बघा. १९६७ साली शेवरलेने एकूण २२,९४० कॉर्व्हेट बनवल्या होत्या. म्हणजे गाडी काही जगावेगळी नव्हती. मग हिच्यातच असं काय होतं?

हिच्यात होतं एल-८८ नावाचं इंजिन. रेसिंगसाठी बनवलेलं. हे इंजिन घेतलं की कंपनी रेडिओ आणि हीटर देतच नसे. सामान्य गिऱ्हाईक लांब राहावं म्हणून कागदावर ताकद लिहिली ४३० हॉर्सपॉवर, जेव्हा त्याच वर्षीच्या त्यापेक्षा स्वस्त इंजिनची लिहिली होती ४३५. प्रत्यक्षात एल-८८ पाचशेच्या वर जातं, हे जाणकारांना माहीत होतं. १९६७ मध्ये या इंजिनच्या फक्त २० गाड्या निघाल्या. या इंजिनसाठी तेव्हा जास्तीचे मोजावे लागायचे ९४७ डॉलर्स आणि ९० सेंट्स.

म्हणजे साडेनऊशे डॉलर्सच्या पर्यायामुळे आज गाडीची किंमत कोटींनी वर जाते. मग साहजिक प्रश्न पडतो, बाकीच्या २२ हजारांपैकी एखाद्या साध्या कॉर्व्हेटमध्ये तसलंच इंजिन बसवून कुणी ती ‘ओरिजिनल’ म्हणून विकली तर?

विकतात. आणि ते पकडण्यासाठी जुन्या गाड्यांचे लोक जे करतात, तोच आजचा विषय आहे.

कागद का चालत नाहीत?

आपल्याला वाटेल की चासी नंबर टाकला की कंपनी सांगेल गाडीत कोणतं इंजिन होतं. इथेच खरी गोम आहे. १९७२ च्या आधीच्या शेवरले गाड्यांच्या चासी नंबरमधून नेमकं कोणतं इंजिन होतं हे कळतच नाही. १९६७ च्या कॉर्व्हेटचा नंबर बघितला तर त्यात कंपनी, मॉडेल, उघडी गाडी की बंद टपाची, वर्ष, कारखाना आणि अनुक्रमांक कळतो. सेंट लुईसच्या कारखान्यासाठी एस हे अक्षर. बस्स. साध्या ३०० हॉर्सपॉवरच्या गाडीचा आणि एल-८८ चा नंबर एकाच पद्धतीचा.

१९६७ पासूनच्या कॉर्व्हेटमध्ये पेट्रोलच्या टाकीवर कारखान्याचा कागद चिकटवलेला असायचा, त्यात गाडीची सगळी कुंडली असते. पण पन्नास-साठ वर्षं टाकीवर चिकटलेला कागद किती गाड्यांत वाचण्यासारखा राहणार? आणि कागद नवीन छापताही येतो.

राहिलं काय? लोखंड.

ती बोटभर पट्टी

शेवरलेच्या व्ही-८ इंजिनचं बॉनेट उघडून समोर उभं राहा. गाडीत बसलेल्याच्या उजव्या हाताला, म्हणजे अमेरिकेत जिथे ड्रायव्हरच्या शेजारचा माणूस बसतो त्या बाजूला, सिलिंडर हेडच्या पुढच्या टोकाशी ब्लॉकचा एक सपाट तुकडा बाहेर आलेला दिसतो. आजूबाजूला पाइप, पुली आणि कित्येक वर्षांचं ग्रीस. या तुकड्याला तिकडे इंजिन पॅड म्हणतात. त्यावर दोन नंबर ठोकलेले असतात.

पहिला नंबर इंजिन जोडलं गेलं तिथला. समजा तो ‘टी०२१५जेई’ असा आहे. टी म्हणजे न्यूयॉर्क राज्यातला टोनावांडा कारखाना. व्ही असतं तर मिशिगनमधलं फ्लिंट. ०२१५ म्हणजे १५ फेब्रुवारी. जेई म्हणजे कोणतं इंजिन आणि कोणत्या गिअरबॉक्ससाठी. १९६७ च्या कॉर्व्हेटमध्ये जेई म्हणजे ४३५ हॉर्सपॉवर आणि हाताने टाकायचे चार गिअर. एचई असतं तर साधं ३०० वालं. आणि आयटी असेल तर श्वास रोखायचा, कारण ते एल-८८.

दुसरा नंबर गाडीचा. चासी नंबरचा शेवटचा भाग, १९६७ च्या गाडीत वर्षाचा ७ आणि त्यापुढे अनुक्रमांक. समजा ‘७११३४५६’. हा नंबर चासीशी जुळला तर इंजिन याच गाडीत जन्मलं, असं मानतात. तिकडच्या भाषेत ‘नंबर मॅचिंग’.

लक्षात ठेवा, हे दोन नंबर एकाच ठिकाणी ठोकलेले नाहीत. पहिला टोनावांडात, दुसरा हजारभर किलोमीटर लांब सेंट लुईसला, गाडीत इंजिन बसताना. वेगळी माणसं, वेगळे ठसे, वेगळा दिवस. बनावट करणाऱ्याचे अर्धे घोटाळे इथेच उघडे पडतात, कारण तो घरी बसून एकाच ठशांच्या संचाने दोन्ही नंबर ठोकतो.

तारखांचं गणित

तुमच्या लक्षात आलं असेल, पहिल्या नंबरात महिना आहे, दिवस आहे, पण वर्षच नाही. त्यात शेवरलेने तेच अक्षरकोड वेगवेगळ्या वर्षांत वेगळ्या इंजिनांसाठी पुन्हा वापरलेत. म्हणून नुसती पट्टी वाचून भागत नाही, ब्लॉक ओतला तेव्हाच्या खुणा बघाव्या लागतात.

लोखंड साच्यात ओततानाच त्यावर उठावदार आकडे येतात. हे ठोकलेले नसतात, ओतलेले असतात, त्यामुळे बदलणं फार अवघड. ब्लॉकच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्स जोडतो तिथे, सात आकडी नंबर असतो. १९६७ च्या ४२७ घनइंची इंजिनवर ३९०४३५१ हा नंबर सापडतो. शिवाय ओतकामाची तारीख. तिची पद्धत सोपी आहे. ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी, असं एलपर्यंत डिसेंबर. मग दिवस आणि शेवटी वर्षाचा आकडा. ‘बी २ ७’ म्हणजे २ फेब्रुवारी १९६७.

आता क्रम लावा. आधी ब्लॉक ओतला, मग इंजिन जोडलं, मग गाडी तयार झाली. २ फेब्रुवारीला ओतला, १५ फेब्रुवारीला जोडला, त्यानंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी गाडी बाहेर पडली. हे पटतं. पण ब्लॉक मार्चमध्ये ओतलेला आणि इंजिन फेब्रुवारीत जोडलेलं असेल तर? जन्माआधी बारसं! अशी गाडी तिथेच सोडून निघायचं.

हुशार बनावटखोर ही चूक करत नाही. तो आधी बरोबर तारखेचा रिकामा ब्लॉक शोधून आणतो. म्हणून खरी लढाई पुन्हा त्या बोटभर पट्टीवरच होते.

रंध्याच्या रेषा

मला या सगळ्या विषयात सगळ्यात जास्त आवडलेला भाग हा आहे.

सुतार लाकडावरून रंधा फिरवतो तसं कारखान्यात ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग एका मोठ्या यंत्राने सपाट करायचे. त्या हत्याराला एकामागे एक असंख्य दात असतात, याला ब्रोच म्हणतात. एका फटक्यात हे हत्यार सरळ पुढून मागे जातं आणि लोखंडावर बारीक, सरळ, समांतर रेषा सोडतं. पट्टी हा याच पृष्ठभागाचा पुढे आलेला भाग असल्यामुळे तिच्यावरही त्याच रेषा. त्यानंतर नंबर ठोकले जातात. म्हणजे खऱ्या पट्टीवर आधी रेषा, मग आकडे. आकडा ठोकला की रेषा तिथे दबते.

आता जुना नंबर घालवून नवा ठोकायचा असेल तर आधी पट्टी घासावी लागते. घासली की रेषा गेल्या. कुणी ग्राइंडर फिरवला तर गोल गोल वळणं दिसतात. कुणी सँडपेपरने खोट्या रेषा ओढतं, पण त्या एकसारख्या खोल नसतात, मध्येच तुटतात, कधी आकड्याच्या खोबणीतही उतरतात. पक्के लोक तर ब्रोचसारखंच हत्यार बनवून रेषा काढतात. त्यांचं काम भल्याभल्यांना फसवतं.

म्हणून तपासणारा माणूस काय करतो? पट्टीवर तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर अजिबात लावत नाही, नाहीतर पुरावा स्वतःच पुसला जायचा. मऊ फडकं आणि ग्रीस काढणारं द्रावण. मग टॉर्च समोरून न धरता एकदम आडवा धरायचा, म्हणजे प्रत्येक रेषेची सावली पडते. भिंग घ्यायचं, वेगवेगळ्या कोनांतून फोटो काढायचे. आणि ते फोटो त्याच कारखान्यातून त्याच सुमाराला निघालेल्या, खात्रीच्या गाड्यांच्या पट्ट्यांशी ताडून बघायचे. आकड्यांची ठेवण, ४ चं टोक उघडं की बंद, अक्षरांमधलं अंतर, असल्या गोष्टी. १९७४ पासून काम करणाऱ्या नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोअरर्स सोसायटीत गाड्यांना गुण देताना ही पट्टी अशीच बारकाईने बघितली जाते.

एक उलटी गोष्ट सांगतो. फार सुबक नंबर दिसला की जाणकारांना संशय येतो. कारखान्यात कामगार दिवसभर हातोडा मारत होता, साठ वर्षांनी कुणी भिंग घेऊन येईल हे त्याच्या गावीही नव्हतं. म्हणून खरा ठसा एका बाजूला खोल, दुसऱ्या बाजूला उथळ, थोडा तिरका, कधी दोनदा पडलेला असा असतो.

पण कोरी पट्टी म्हणजे चोर, असं नाही

इथे जरा थांबायला पाहिजे. इंजिन गरम झालं, गॅसकेट उडालं की आपल्याकडे मेकॅनिक ब्लॉकला फेसिंग मारतो. तिकडेही तेच. आणि पट्टी त्याच पृष्ठभागावर असल्यामुळे फेसिंग मारताना नंबरही साफ होतो. १९७५ साली एखाद्या गॅरेजमध्ये हे झालं तेव्हा ती फक्त आठ वर्षं जुनी, वापरलेली गाडी होती. नंबरचं काय करायचंय, असंच मालकाला वाटलं असणार.

म्हणजे गाडीतलं इंजिन शंभर टक्के खरं असूनही ते सिद्ध करायला काहीच उरलेलं नाही, असे मालक आहेत. याशिवाय वॉरंटीत बदलून दिलेले ब्लॉक असतात, त्यावर कंपनीच ‘सीई’ असं ठोकायची. ती फसवणूक नाही, गाडीचा इतिहास आहे.

कोऱ्या पट्टीच्या मालकाला मोह होणारच. ‘माझंच इंजिन, गेलेला नंबर परत ठोकला तर बिघडलं कुठे?’ काही लोक याला दुरुस्ती म्हणतात. माझं मत विचाराल तर ठोकून विकताना ते तोंडाने सांगितलं आणि बिलावर लिहिलं तर ठीक. न सांगता विकलं तर पुढचा माणूस खऱ्या नंबरचे पैसे मोजून खोटा नंबर घेतो. आणि एकदा पट्टीशी छेडछाड झालेली दिसली की इंजिन खरंच मूळचं असलं तरी कुणी विश्वास ठेवत नाही. कोरी पट्टी निदान प्रामाणिक तरी असते.

आपल्याकडे काय?

आपल्याकडे कॉर्व्हेट कुणी घेत नाही, पण पद्मिनी, ॲम्बेसेडर आणि जुन्या जीपची हौस वाढलीये. आणि आपल्याकडे एक गोष्ट अमेरिकेपेक्षा बरी आहे. आरसीवर चासी नंबरसोबत इंजिन नंबरही लिहिलेला असतो. चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून प्रिंट घेतात, ते तुम्ही गाडी ट्रान्सफर करताना बघितलं असेल.

अडचण अशी की या गाड्यांत पेट्रोल इंजिन काढून डिझेल टाकण्याची एकेकाळी लाटच होती. कुणी बदल आरटीओत नोंदवला, कुणी नाही. त्यामुळे आरसीवर एक नंबर आणि बॉनेटखाली दुसराच, अशा गाड्या आजही विकायला येतात.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांपेक्षा जुन्या दुचाकी आणि चारचाकींसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले. नंबरप्लेटवर ‘व्हीए’ अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये. पण अट आहे की गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा बदल झालेला नको.

तेव्हा मामांच्या अंगणातली जुनी गाडी घ्यायचा विचार असेल तर रंग आणि सीट नंतर बघा. आधी आरसी हातात घ्या, मग टॉर्च आडवा धरून इंजिनवरचा नंबर वाचा. आकड्यांच्या आजूबाजूचं लोखंड बाकी ब्लॉकपेक्षा जास्त चकचकीत किंवा खोलगट दिसलं तर टोकन देऊ नका, आधी माहितगार मेकॅनिकला घेऊन या.