कचेरीचा संगणक, प्रवासातून

रिमोट डेस्कटॉपमध्ये पडद्याचं चित्र तेवढं तुमच्याकडे येतं आणि तुमचं टायपिंग, माऊसच्या हालचाली तिकडे जातात. म्हणून जुना लॅपटॉपही पुरतो. कचेरीतल्या संगणकावर मात्र विंडोजची प्रो आवृत्ती हवी, होममध्ये ही सोय नाही. निघण्यापूर्वी ‘स्लीप’ बंद कराच. रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ हे पोर्ट इंटरनेटवर थेट उघडं ठेवणं फार धोक्याचं: जुन्या विंडोजमध्ये २०१९ साली उघडकीस आलेल्या ‘ब्लूकीप’ त्रुटीतून पासवर्डशिवाय आत शिरता येत होतं. व्हीपीएन आणि दुहेरी पडताळणीला पर्याय नाही. कोकण रेल्वेच्या साडेसहा किलोमीटर लांबीच्या करबुडे बोगद्यात जोडणी तुटली, तर घाबरू नका. उघडलेल्या फाइली तिकडे तशाच राहतात; पुन्हा लॉगिन केलं की काम पुढे चालू.